त्या लाव्यात जीव होता, असं मी तुला सांगितलं

युसूफ, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. स्टोअरच्या खिडकीत आता केरळचा एक नवा माणूस बसतो. भला आहे बिचारा, पण परवा मी त्याच्यावर उगाच डाफरलो. शेताला गोल फिरून पाणी देणाऱ्या पिव्हटच्या चाकाचा गिअरबॉक्स मागितला, तर त्याने आधी कागदावर सही मागितली. नियमच आहे तसा, त्याचं काय चुकलं? तू मात्र सतरा वर्षं मला सही न घेता सामान दिलंस आणि संध्याकाळी खोलीवर येऊन, चहा पिता पिता, सगळ्या कागदांवर एकदम सह्या घेतल्यास. "तुझा शब्द हाय ना, मग झालं," म्हणायचास. पूर्वी ते वाक्य ऐकलं की माझी छाती फुगायची. गेली दोन वर्षं ते ऐकलं की मी मान खाली घालून भराभर सह्या उरकायचो.

तिसऱ्या दिवशी मेसमध्ये आपली सगळी माणसं जमली होती. मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि दोन वाक्यांत अडकलो. मागून कोणीतरी म्हणालं, "सुधाकरभाई, वो रमजानवाला लावा सुनाओ ना. युसूफभाई कैसे सुनाते थे!" आणि मी ऐकवला. सगळा. तुझ्यासारखा मधे थांबून, तुझ्यासारखे डोळे बारीक करून. लोक रडता रडता हसले. मी खाली बसलो आणि मला माझीच शिसारी आली. तुझ्या नावाने जमलेल्या माणसांसमोर मी तेच खोटं, मीठमसाला लावून, परत एकदा सांगितलं होतं. अरे, लाज म्हणून काही असते की नाही माणसाला?

म्हणून हे लिहितोय. तुला बरंच काही ठाऊक आहे, तरी सुरुवातीपासूनच सांगतो. मधूनच सुरू केलं तर मी कुठेतरी पळवाट काढीन. माझा मला भरवसा राहिलेला नाही.

मार्च लागला, थंडी ओसरली, की सौदीतल्या या अल खर्जच्या वाळवंटात, पिव्हटने भिजवलेल्या आपल्या हिरव्या गोल शेतांमध्ये लावे पक्षी उतरायचे. दक्षिणेकडून यायचे, वर कुठेतरी लांब जायचे, मधे दमून आपल्या लसूणघासात मुक्काम करायचे. इथली माणसं त्यांना सिम्मान म्हणतात. तू राजापूरच्या सड्यावर चुलत्याच्या मागे हिंडून लहानपणीच लाव्याची शीळ शिकला होतास. पण इथल्या लाव्याची बोली वेगळी निघाली. "मला अरबी शिकायला सहा महिने लागले, आणि या लाव्यांची भाषा शिकायला दोन वर्षं," असं तू येईल त्या माणसाला सांगायचास.

आपण कामाला असलेल्या डेअरीच्या कुंपणाला लागून अबू सालेहचं शेत. त्याचा पिव्हट बिघडला की मी दुरुस्त करायचो, त्यातून ओळख झाली, आणि ओळखीतून शिकार. छऱ्याची बंदूक त्याची, परवाना त्याच्या नावावर, जमीन त्याची. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले. पिकअपचं दार उघडून, पाय बाहेर सोडून बसायचा आणि तिथूनच नेम धरायचा. तू बांधाच्या आड उकिडवा बसून, दोन बोटं ओठांना लावून मादीचा आवाज काढायचास. बारीक, दोन सुरांचा. जरा वेळ काहीच व्हायचं नाही. मग घासातून नराचं उत्तर यायचं, तीन तुकड्यांचं, ठसक्यात. "आला बघ नवरदेव," तू पुटपुटायचास. तू परत बोलवायचास, तो आणखी जवळ येऊन ओरडायचा. असं होता होता पठ्ठ्या मान उंच करून बांधावर येऊन उभा राहायचा. एका दिवशी तीन पक्षी, चौथा नाही, हा तुझा कायदा. अबू सालेह कुरकुरायचा, पण तू बोटं खिशात घातलीस की खलास, शिकार संपली.

एका वर्षी मी मोबाईलवर मादीचा आवाज शोधून काढला आणि छोटा स्पीकर घेऊन आलो. किती भडकला होतास! "मशीन लावून बोलावतोस? फसवायचं तर स्वतःच्या तोंडानं फसव. निदान आपण फसवतोय हे आपल्याला कळंल तरी." मी म्हटलं, लाव्याला काय फरक पडतो, तो मरतोच ना? तू म्हणालास, लाव्याचं नाय बोलत मी, तुझं बोलतोय. हा वाद आपण स्टोअरच्या खिडकीवर, बसमध्ये, मेसच्या रांगेत, किती वर्षं घातला! मी कधी हार मानली नाही. आता मानतो. स्वतःच्या तोंडाने फसवलं की ते कळतं, आणि कळतच राहतं. पण हे मला ज्या वाटेने समजलं ती वाट तुझ्या स्वप्नातही आली नसती.

माझं काम धावायचं. छऱ्याने मेलेला पक्षी तुम्हाला चालत नाही, हे मला तूच पहिल्या वर्षी समजावून सांगितलंस. पक्षी हातात येईपर्यंत त्यात जीव असला पाहिजे, मग बिस्मिल्ला म्हणून मानेवर सुरी फिरली पाहिजे. आधीच मेला तर तो मुरदार, त्याला हात लावायचा नाही. म्हणजे सगळा मामला माझ्या पायांवर आला. मी निफाडच्या शाळेत खोखो खेळलेला माणूस. बार झाला की गुडघाभर घासातून सुसाट सुटायचो, पक्षी हुडकायचो, मुठीत घेऊन अंगठा त्याच्या छातीखाली लावायचो आणि ओरडायचो, "आहे!" किंवा "गेला!" आहे म्हटलं की तू सुरी घेऊन पुढे यायचास. गेला म्हटलं की सुरी मिटून खिशात. "तो तुझ्या वाटणीचा," म्हणायचास, आणि मी तो खोलीवर नेऊन तव्यावर परतून खायचो. मला काय, मला कसाही चालायचा. हे मुद्दाम लिहितोय. मेलेला पक्षी वाया जात नव्हता, माझ्याच पोटात जात होता. खोटं बोलायची मला काडीची गरज नव्हती.

पहिली एक-दोन वर्षं तू माझ्या हातातल्या पक्ष्याला स्वतः बोट लावून बघायचास. मग ते सोडून दिलंस. त्यानंतर तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत करत राहिलास आणि स्टोअरच्या याद्या माझ्याकडून वाचून घ्यायला लागलास. लावा तोंडाने बोलवायला डोळे लागत नाहीत, असं हसून म्हणायचास. बाकीचं बघायला मी होतोच.

दोन वर्षांपूर्वीचा रमजान ऐन लाव्यांच्या दिवसांत आला. रुकैया वहिनी व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोन दिवसांनी तुम्ही दोघं उमऱ्याच्या यात्रेसाठी मक्केला निघणार होतात. मी तुला चिडवलं, "रोजा धरून शिकार करतोस होय रे?" तर म्हणालास, "यात्रेचा एहराम अंगावर बांधल्यावर शिकार बंद. अजून कुठं बांधलाय?" वहिनी दारातून हसून म्हणाल्या, "भाऊ, ह्यांचे लावे मी फोनवर लई ऐकलेत. आज एकदा डोळ्यांनी बघू दे." मी छाती पुढे काढून म्हटलं, आज इफ्तारला लावेच.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर आपण गेलो. पहिले दोन पक्षी अबू सालेहने पाडले, मी धावलो, दोन्ही जिवंत मिळाले. तिसऱ्याच्या वेळी म्हाताऱ्याने बंदूक माझ्यापुढे केली. "यल्ला, या मुहंदिस. आज तू." मी साधा टेक्निशियन, पण तो मला इंजिनियरच म्हणायचा आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. इतक्या वर्षांत मी एकही बार काढलेला नव्हता. तू बोटं ओठांना लावलीस. नर आला, बांधावर उभा राहिला. मी घोडा ओढला आणि तो पडला. बंदूक म्हाताऱ्याच्या हातात कोंबून मी धावत सुटलो. स्वतःचा बार आणि स्वतःचीच धाव!

तो कुशीवर पडला होता. छरा डोक्यातून गेला होता. मी उचलला, अंग गरम होतं. अंगठा छातीखाली लावला. काही नाही. शंभर लावे या मुठीत घेतलेत मी, जीव असला की काय लागतं ते मला झोपेतही कळेल. काही नव्हतं, युसूफ.

"आहे?" तू लांबून विचारलंस. गेला, हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, शप्पथ. तेवढ्यात मी वर बघितलं. अबू सालेह त्या मोडक्या गुडघ्यांवर पिकअपमधून उतरून उभा होता आणि माशाअल्ला, माशाअल्ला करत टाळ्या वाजवत होता. आणि तू उन्हाला हात आडवा धरून, सुरी उघडून, माझ्या दिशेने निघालाच होतास. तोंडभर हसू. जणू बार तूच काढला होतास. हा पक्षी माझा पहिला. तो मी एकट्याने तव्यावर परतून खायचा? वहिनींच्या ताटात अबू सालेहचे दोन जाणार आणि माझा नाही?

मी म्हटलं, "आहे!"

तू मान धरलीस. "धडधड लागतेय?" "लागतेय, लवकर कर." तू बिस्मिल्ला म्हणालास आणि सुरी फिरवलीस. मग मान तिरकी करून विचारलंस, "रक्त आलं ना नीट? उन्हात मला दिसत नाय." दोन थेंब आले होते. मी म्हटलं, "आलं." तीन वेळा विचारलंस तू, तीन वेळा. प्रत्येक वेळी मला माघारी फिरता आलं असतं. सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस माझ्यासमोर उभा होता, आणि मी त्याच्या तोंडात काय घालतोय हे मला पक्कं ठाऊक होतं. मोठं काही कारण असतं तर त्याला धरून बसलो असतो. कारण एवढंच, की मला शेखी मिरवायची होती.

वहिनींनी तिन्ही पक्षी आत नेले. इफ्तारला आपण क्वार्टरच्या मागे चटई टाकली. अजान झाली, तू खजूर खाल्लास, पाणी प्यायलास. वहिनींनी ओल्या नारळाच्या वाटणातले लावे आणि तांदळाच्या भाकऱ्या आणल्या, एक लावा तुझ्या ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "हा भाऊंचा." बाकी त्या गप्पच होत्या. मला वाटलं उन्हाने दमल्या असतील. तू एक घास घेतलास आणि डोळे मिटलेस. "अरे वा रे माझ्या शिकाऱ्या! आपल्या माणसानं मारलेल्याची चवच वेगळी." एक तंगडी मोडून माझ्या ताटात टाकलीस. मी खाल्ली. वर हसलोही. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि मला त्याच वेळी काय आठवावं? माझी आई गेली तेव्हा माझ्या इकाम्याचं, इथे राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण अडकलं होतं, मला गावी जाता आलं नाही. दहाव्या दिवशी तू स्वतः भात शिजवून आणलास. शेताच्या बांधावर केळीच्या पानाऐवजी कागदी ताट ठेवलंस आणि मला विचारलंस, "कावळा इथं मिळायचा नाय. काय करायचं?" मी रडत होतो, मला काही सुचत नव्हतं. तू दोन तास उन्हात उभा राहिलास, मांजरांना हाकलत. शेवटी एक साळुंकी येऊन ताटावर बसली. तू लगेच हात लावला नाहीस, पुढेही सरकला नाहीस. माझ्याकडे वळून हळूच म्हणालास, "चालंल? तुमच्यात चालत नसंल तर आणखी थांबू." मी चालेल म्हटल्यावरच तू हललास. माझ्या आईच्या घासाला इतकं जपणारा माणूस तू. आणि तुझ्या घासाशी मी हे केलं.

दोन दिवसांनी तुम्ही मक्केच्या बसमध्ये बसायला निघालात. तू एकेकाला जवळ घेऊन माफी मागत होतास. उमऱ्याला जाण्याआधी मागायची असते, तू आदल्या दिवशी सांगितलंच होतंस. माझे दोन्ही हात धरलेस. "सुधाकर, पंधरा वर्षांत काय बोललो-चाललो असंन, कुठं मन दुखवलं असंन, तर माफ कर बाबा. तुझ्या पोटात काय असंल तर आत्ता बोल." अरे, याहून मोठं दार माणसाला कोण उघडून देणार? मी काय केलं? "चल रे, नाटक नको करू, बस सुटेल," म्हणालो आणि तुझी बॅग उचलून डिकीत टाकली. बस वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिलो.

तू परत आलास आणि गोष्ट सुरू झाली. त्यानंतर शिकारीचे नियम कडक झाले, अबू सालेहने बंदूक कपाटात ठेवून दिली, आणि तो आपला शेवटचा लावा ठरला. म्हणून तर तो एवढा वाढला. आधी तो वीस पावलांवर होता, मग चाळीस झाला, मग साठ. बांधावरचा लावा तुझ्या गोष्टीत उडायलाही लागला. ईदला, कोणाच्या निरोपाच्या जेवणात, नवा माणूस कॅम्पात आला की, तू सांगायचास आणि शेवटी माझ्याकडे बोट करायचास, "विचारा याला, होता का नाय जिवंत?" आणि मी मान डोलवायचो. गर्दीत मान डोलवायला जिभेचीही गरज लागत नाही.

एकदा मी कॅम्पातल्या हैदराबादच्या इमामसाहेबांना आडून विचारलं. माझा एक मित्र आहे, त्याच्याकडून असं असं झालंय, म्हटलं. त्यांनी त्या मित्राचं नाव विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "खानेवाले पर कुछ नहीं, उसको मालूम ही नहीं था. जिसने बताया, पूछ उससे होगी." तुझ्या अंगावर काही नाही म्हटल्यावर मला त्या दिवशी पोटभर जेवण गेलं. बघ कसा माणूस आहे मी. तू सुटलास म्हणून खूश झालो आणि तुला सांगायचं पुन्हा लांबणीवर टाकलं.

तुझ्या छातीत कळ आली, तुला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मात्र मी ठरवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तू जरा बरा दिसत होतास. मी खुर्ची जवळ ओढून म्हटलं, "युसूफ, एक सांगायचंय. बरेच दिवस राहिलंय." तू मास्क बाजूला केलास. "तोंड बघ केवढं झालंय तुझं. सकाळपासून काय घेतलं नायस ना? जा, आधी चहा पिऊन ये. मी कुठं पळून जात नाय." आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. चहावाल्याच्या रांगेत माझ्या मागच्या दोघांना मी पुढे जाऊ दिलं. सावकाश प्यायलो. परत आलो तेव्हा तुझ्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

कबरस्तानात मी लांब उभा होतो. अबू सालेहने हाताला धरून पुढे ओढलं आणि माझ्या ओंजळीत माती दिली. ती टाकताना मला तुझ्याशी काहीही बोलता आलं नाही. काय बोलणार होतो? तुझं ऐकणं तर कधीच संपलं होतं.

काल शुक्रवारी सकाळी राजापूरहून वहिनींचा फोन आला. त्या नवऱ्यामागच्या इद्दतीत आहेत, घराबाहेर पडत नाहीत, आवाज अगदी खोल गेलाय. मुलीचं, घराचं दोन शब्द बोलून म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? शेवटाला तुम्ही जवळ होता असं इथं सगळे म्हणतात. ह्यांच्या तोंडात अल्लाचं नाव, कलमा होता काय?"

होता. एवढा एकच शब्द हवा होता त्या बाईला. त्या शब्दावर तिचं उरलेलं आयुष्य निभावलं असतं, आणि माझं काय जात होतं? 'आहे' म्हणण्याइतकंच सोपं होतं. माझं तोंड उघडलंसुद्धा. पण ते जमेना, युसूफ. मी म्हटलं, "वहिनी, मी तिथे नव्हतो. त्याने चहाला पाठवलं आणि मी गेलो. मला माहीत नाही."

मग त्या रडल्या, तोंडात पदर कोंबून. मला वाटलं, वा रे सुधाकर! दोन वर्षं मित्राशी खोटं बोललास आणि खरं बोलायची हौस त्याच्या विधवेवर भागवलीस. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "खरं सांगितलंत, बरं केलंत." हे ऐकून माझा बांध फुटला. "नाही वहिनी, मी खरा माणूस नाही," म्हणालो आणि त्या लाव्याचं सगळं सांगून टाकलं. अंगठा, डोक्यातला छरा, दोन थेंब, सगळं.

त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "ठाऊक हाय मला."

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

"सोलताना कळलं. दोन पक्षी स्वच्छ निघाले. तिसऱ्याचं रक्त आत तसंच थिजलेलं, काळं. तीस वर्षं सोलतेय मी, भाऊ. मुरदार मला कळत नाय होय?"

"मग वहिनी, त्याच्या ताटात..."

"तो मांजरीला घातला. फ्रिजात दुकानातल्या लाव्यांचं पाकीट होतं. तुम्ही हात हलवत आलात तर इफ्तारला असावं म्हणून मीच आणवून ठेवलं होतं. त्यातला एक शिजवला."

ऐकलंस? डोळे मिटून खाल्लास तो सुपरमार्केटचा लावा होता, युसूफ. आपल्या माणसाने मारलेल्याची चव! मला हसू फुटलं, आवरेना. पलीकडे वहिनीही हसल्या, अगदी थोडं. तुझं तोंड बाटलं नव्हतं. त्या बाईने ते वेळीच सांभाळलं होतं. माझ्या छातीवरचा एवढा मोठा धोंडा उतरला, आणि त्याच्याखाली माझं दोन वर्षांचं खोटं तसंच पडलेलं मला तेव्हा दिसायला लागलं.

मी विचारलं, "युसूफला सांगितलं होतंत?"

"नाय. सांगितलं असतं तर ते तुमच्याशी भांडले नसते. नुसते गप झाले असते, कायमचे. मी महिन्याभरात परत येणार होते. तिकडे त्यांना तुमच्याशिवाय होतं कोण?"

"वहिनी, मला माफ करा."

"मला कशाला माफी मागता? मी काय तो खाल्ला नाय. त्यांना सांगाल म्हणून वाट बघत होते मी. दोन वर्षं. फोनवर ते मला ती गोष्ट सांगायचे, हसायचे. मी दर वेळी विचारायची, आज भाऊ काय बोलले काय तुमच्याशी? आणि ते म्हणायचे, अगं, तो काय वेगळं बोलणार? त्याच्या पोटात माझ्यापासून लपलेलं काय नाय."